रंग नंतर, आधी फोम तपासा



३१ जुलैला बंदी संपणार, म्हणून किनाऱ्यावर होड्या घासण्या-रंगवण्याचे काम जोरात चाललेय. चांगली गोष्ट आहे. पण आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. रंगाने होडी नवी दिसते, नवी होत नाही.

फायबर होडीत दोन थरांच्या मध्ये किंवा बंद कप्प्यांत फोम असतो. तो अंगाला ताठपणा देतो आणि होडी पाण्याने भरली तरी तरंगती ठेवतो. वर्षे गेली की स्क्रूच्या भोकांतून, तडांतून पाणी आत मुरते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ६० लिटर मुरले तर एक माणूस कायमचा होडीत बसला म्हणायचे, आणि हा माणूस जाळे ओढत नाही! होडी खाली बसते, इंधन जास्त खाते. आणि वाईट वेळ आली की ज्या फोमने वाचवायचे तोच भिजलेला असतो.

तपासणी अवघड नाही. नाण्याने सगळीकडे ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, फोम सुटलेल्या जागी भद्द येतो. तिथे खूण करा. नुसत्या आवाजावर मात्र राहू नका, ओला फोम कधी कधी आवाजात कळत नाही. संशय असेल तिथे आतल्या बाजूने बारीक भोक पाडून बघा. भुसा कोरडा आला तर भोक नीट बंद करा. ओला आला तर ती जागा कापून फोम बदलायलाच हवा. वरून नवे फायबर मारले तर पाणी आतच कोंडते. इंजिन लावतो ती मागची फळी तर आधी बघा, सगळा जोर तिच्यावरच.

बदली फोम घेताना थर्माकोल घालू नका. पॉलिस्टर रेझिन आणि पेट्रोल दोन्ही त्याला विरघळवतात.

काहीजण म्हणतात, "इतकी वर्षे चालली, आता काय होतंय?" आमचे म्हणणे, इतकी वर्षे चालली म्हणूनच बघा. कापली तर किंमत पडेल ही भीतीही खरी आहे, पण होडी पुन्हा बांधता येते, घरचा माणूस नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत, की दुरुस्तीची उचल देताना आधी फोमची तपासणी, मग रंगाचे पैसे. पटत नसेल तर बैठकीला येऊन बोला, पण या.

दर्या सर्वांना सांभाळो.

– सचिव