लेगॉसच्या बाजारातली इंग्रजी
नायजेरियाच्या फेला कुटी या गायकाला घरच्यांनी 1958 साली लंडनला धाडलं ते डॉक्टर व्हायला. पठ्ठ्याने तिथे संगीताच्या कॉलेजात नाव घातलं. आजोबा पाद्री, घराणं शिकलेलं, तरी गाण्यासाठी भाषा निवडली ती लेगॉसच्या बाजारात, बसमध्ये बोलली जाणारी पिजिन इंग्रजी. नुसत्या योरुबा भाषेत गायला असता तर बाकीचा देश बाहेर राहिला असता आणि साहेबी इंग्रजीत गायला असता तर गरीब. मला तरी त्याचा सगळ्यात मोठा राजकीय निर्णय हाच वाटतो. गाणं दहा-पंधरा मिनिटांचं. आधी ढोल, गिटार, सॅक्सोफोनचा ठेका अंगात भिनवायचा आणि पाय थिरकू लागले की मग तेलाच्या पैशावर गब्बर झालेल्यांचा समाचार घ्यायचा. ‘झोंबी’ या गाण्यात त्याने हुकमाच्या ताबेदार सैनिकांची टर उडवली. त्यानंतर 18 फेब्रुवारी 1977 रोजी शेकडो सैनिकांनी त्याच्या घरात घुसून ते जाळलं, वृद्ध आईला खिडकीतून फेकलं. ही आई म्हणजे फुनमिलायो, जिने 1940च्या दशकात अबेओकुटाच्या बाजारकरणींना कराविरुद्ध उभं केलं होतं. (अशा आईच्या लेकाची बायकांबद्दलची मतं मात्र ऐकवत नाहीत, 1978 साली त्याने एकाच वेळी 27 जणींशी लग्न लावलं.) 1978 सालीच आई गेली. हल्ल्याच्या चौकशीत ठपका कुणावर? ‘अज्ञात सैनिकावर’! फेलाने त्याचंही गाणं केलं आणि 1979 साली शवपेटी घेऊन थेट लष्करी राजवटीचं दार गाठलं.