पिकते तेथे खात नाहीत



'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण आपल्या तोंडी नेहमी असते. परंतु आजचा खरा प्रकार असा आहे की, जेथे पिकते तेथे कोणी खात नाही. जळगावची केळी, नाशिकची द्राक्षे, सांगोल्याची डाळिंबे, पुरंदरचे अंजीर व सीताफळ, नागपूरची संत्री ही सर्व आपल्याच घामाची पैदास आहे. १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबागांस अनुदान सुरू केले. तेव्हापासून पुष्कळ कोरडवाहू माळांवरही बोर, आंबा, सीताफळ उभे राहिले. ही गोष्ट चांगलीच झाली. पण ही फळे आपल्या घरात किती दिवस येतात? दोनच वेळी! एक उपासाच्या दिवशी, दुसरे कोणी अंथरुणाला खिळल्यावर. देवापुढे केळे आणि दवाखान्यात सफरचंद. एरवी फळ म्हणजे खाण्याची वस्तू नव्हे, तो पैसा!

बरे, तो पैसा तरी घरी येतो काय? पेरूच्या पाट्या भरून बाजारात न्याव्यात, गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हाती काय राहिले ते ज्याचे त्याला ठाऊक. येताना त्याच पैशातून चहाची पुडी, साखर आणि पोरांसाठी बिस्किटे व तळलेल्या खाऊच्या रंगीत पुड्या. आम्ही शाळामास्तर आहोत. मधल्या सुट्टीत पोरांच्या हाती काय असते ते रोज पाहतो. ज्या पोराच्या बापाच्या बांधावर पेरूचे झाड वाकले आहे, त्याच पोराच्या हाती पाच रुपयांची पुडी असते! पेरू विकून मीठ-तेल-मैदा विकत घेण्याचा हा व्यवहार तिसरीच्या पोराला फळ्यावर मांडून दाखविला, तर तोही म्हणेल, 'गुरुजी, गणित चुकले.'

या चुकलेल्या गणिताची किंमत कोण भरतो? सर्वांत जास्त आपल्या लेकीबाळी भरतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात ५४ जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक! दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळतात, बाळंतपण जिवावर बेतते. आणि आपण म्हणतो, 'बाईमाणसाला असे व्हायचेच.' असे व्हायचेच असे कोठेही लिहिलेले नाही.

बाजरीच्या भाकरीत लोह आहे, मेथी-तांदुळज्यातही आहे. मग रक्त का कमी पडते? याला कारणे पुष्कळ आहेत. जंत आहेत, पाळीतला रक्तस्राव आहे, आणि सर्वांत शेवटी उरेल तेवढे जेवण्याची घराघरातील रीत आहे. पण एक कारण आपल्या ताटातच आहे. धान्य-भाजीतील लोह शरीर सहजी घेत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व पोटात गेले, तर ते अधिक घेतले जाते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला, तर आणखी कमी घेतले जाते. आपण काय करतो? पेरू विकतो आणि भाकरीवर चहा पितो!

आणि हे क जीवनसत्त्व परदेशी डब्यात शोधावयास नको. शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते, संत्र्यात सुमारे पन्नास, आणि ज्या सफरचंदासाठी आपण आजाऱ्याच्या उशाशी पैसे ओततो, त्यात पाचाच्या आसपास. आवळा तर पेरूच्याही पुढे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टराने हिरड्या सडणाऱ्या बारा खलाशांना दोन-दोन करून निरनिराळी औषधे दिली. ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली, ते आठवडाभरात सुधारले; बाकीच्यांना तसा गुण आला नाही. ज्या गुणासाठी खलाशांना लिंबू शोधावे लागले, तो आपल्या बांधावर टांगलेला आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेल्या आहारात रोज शंभर ग्रॅम फळ धरले आहे. शंभर ग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू किंवा एक केळे. हे काही राजेरजवाड्यांचे खाणे नव्हे. निसर्गाने तर पाळीच लावून दिली आहे: वैशाखात आंबा व करवंदे, आषाढाच्या तोंडी जांभूळ, आश्विन-कार्तिकात सीताफळ, थंडीत बोरे, आवळा, पेरू, आणि केळे-पपई बाराही महिने. ज्या ऋतूत जे पिकते ते स्वस्तही असते व ताजेही असते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फळ म्हणजे जादूची मुळी नव्हे. भाकरी, डाळ, भाजी, दूध वा अंडे यांची जागा ते घेत नाही. रक्त फारच कमी असेल, तर सरकारी दवाखान्यातील लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. मधुमेहाच्या माणसाने कोणते फळ किती खावे हे डॉक्टरांस विचारावे. आणि रस काढून पिण्यापेक्षा फळ चावून खावे हे तर सर्वांनाच बरे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. हा रोग आता शहरातल्या गादीवाल्यांचाच राहिलेला नाही. तो आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे.

येथे व्यायामाची गोष्ट येते. 'मास्तर, आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला कसला व्यायाम?' असे पुष्कळ जण विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण राबणे वेगळे आणि अंग राखणे वेगळे. खुरपणारी बाई दिवसभर एकाच बाजूला वाकते; शिंपी, चांभार, सोनार मान घालून एकाच जागी बसतो. त्यांना आणखी कष्ट नकोत. त्यांना वाकलेले अंग सरळ करणे हवे. तासा-दोन तासांनी उठावे, हात वर ताणावेत, कमर हळूच मागे न्यावी, मान दोन्ही बाजूंस फिरवावी, चार पावले टाकावीत. एवढाच तो व्यायाम.

आणि ज्यांचे राबणे आता यंत्राने उचलले आहे, त्यांनी तर मनाशी खरे बोलावे. नांगर ट्रॅक्टर ओढतो, पाणी मोटार चढविते, आणि अर्ध्या कोसावरच्या मळ्यात जायला फटफटी लागते! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसास आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. रोज वीस-पंचवीस मिनिटे झपझप चालले की भागले. जेवणानंतर थोडे चालल्यास रक्तातील साखर कमी उसळते, कारण चालते पाय ती वापरतात. यास तालीम नको, डबाबंद भुकट्या नकोत, पैसाही नको. नवराबायकोने, सासूसुनेने मिळून गावाला एक फेरी घातली तर कोणाची इज्जत जात नाही.

ज्यांना जमीन नाही त्यांनी काय करावे? न्हाणीचे पाणी जेथे जाते तेथे पपईचे एक रोप लावावे. साधारण वर्षाच्या आत ते फळ देते. जागा तेवढीही नसेल, तर शाळेच्या आवारात, गावठाणात, ओढ्याकाठी जांभूळ, आवळा, बोर गावाने मिळून लावावे व त्याचे फळ पोरांचे असे ग्रामसभेत ठरवावे. सरकारी जागेतील झाड कोणा एकाच्या बापाचे नसते.

आणखी एक कडू गोष्ट. काही बागायतदार आपल्याच बागेतील फळ पोरांना देत नाहीत, कारण त्यावर काय आणि किती फवारले आहे ते त्यांना पक्के ठाऊक असते! बाबांनो, जे आपल्या पोराला देण्यास हात धजत नाही, ते दुसऱ्याच्या पोराला कसे विकता? औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीत फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये हे छापलेले असते. ते दिवस पाळा. मग ते फळ घरातही चालेल आणि बाजारातही.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. तोडणीच्या दिवशी पहिली पाटी घराची, दुसरीपासून बाजाराची. त्या पहिल्या पाटीतील पहिले फळ घरातल्या लेकीच्या व सुनेच्या हातावर ठेवा, आणि तेही भाकरीबरोबर, चहा तासाभराने. व्यापाऱ्याला एक पाटी कमी गेली म्हणून त्याचे दुकान बुडणार नाही. पण ती पाटी घरात आली नाही, तर आपल्या घरात काय बुडते, ते वर सांगितलेच आहे.