रोगाची वर्दी आणि तपासणीचे मोल

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा या गावी अवघ्या काही दिवसांत सुमारे आठशे कोंबड्या मरण पावल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे धाडण्यात आले आणि अहवाल हाती आला तेव्हा हा रोग बर्ड फ्लूच असल्याचे निष्पन्न झाले. लगेच एक किलोमीटर परिघातील कोंबड्या मारण्याचा आदेश निघाला. दहा किलोमीटर परिघात पक्ष्यांची ने-आण व विक्री बंद झाली. प्रशासनाने नियमानुसार जे करावयाचे ते केले, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो नियमांच्या रचनेचा. रोगाची वर्दी देणाऱ्याच्या पदरात हे नियम काय टाकतात, याचा विचार परभणीसारख्या जिल्ह्यात तरी अधिक गंभीरपणे व्हावयास हवा.

कोंबड्यांची मर ही खेड्यापाड्यांना नवी गोष्ट नाही. पाऊस, थंडी किंवा उन्हाळा यांच्या फेऱ्यात मानमोडी येते आणि अंगणातील खुराडी ओस पाडून जाते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, आणि बर्ड फ्लू यांची वरवरची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात की अनुभवी पशुवैद्यकालाही प्रयोगशाळेवाचून निश्चित निदान करता येत नाही. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे जाहीर झाला. तेथेही आरंभी ही मर राणीखेतचीच मानली गेली होती. तेव्हा बर्ड फ्लूच्या नियंत्रणात सर्वांत मोलाची वस्तू औषध नव्हे, कारण औषध नाहीच. मोलाची वस्तू आहे ती वेळेवर मिळालेली माहिती. आणि ही माहिती सर्वप्रथम ज्याच्याकडे असते तो असतो कोंबड्या पाळणारा शेतकरी किंवा बचत गटातील एखादी स्त्री.

प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अशा रोगाची शंका येताच वर्दी देणे मालकावर बंधनकारक आहे. परंतु कायद्याने कर्तव्य सांगितले म्हणून ते पाळले जाईल, असे अर्थशास्त्र मानीत नाही. ते विचारते, की हे कर्तव्य पाळण्याची किंमत कोण देतो? वर्दी देणाऱ्याचा कळप जातो, शेजाऱ्यांच्या निरोगी दिसणाऱ्या कोंबड्या जातात, बाजार बंद होतो आणि गावाचा रोष पदरी येतो. या वर्दीचा लाभ मात्र दहा किलोमीटरपलीकडच्या, किंबहुना साऱ्या राज्यातील उत्पादकांना आणि ग्राहकांना होतो. खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, असे जेथे असते तेथे ती सेवा सार्वजनिक मानून तिचा भार समाजाने उचलावा, हा लोकवित्ताचा प्राथमिक सिद्धांत आहे.

या सिद्धांताच्या कसोटीवर तपासणी-शुल्काचा प्रश्न तपासून पाहावा. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांतून अल्प सेवाशुल्क घेण्याची पद्धत राज्यात आहे. एखाद्याच्या म्हशीवर उपचार केले तर त्याचा मुख्य लाभ त्यालाच होतो, म्हणून तेथे शुल्क समर्थनीय ठरते. तसेच अंडी उबवणी केंद्राला आपली पिले रोगमुक्त असल्याचा दाखला हवा असेल, तर त्या दाखल्याने त्याच्या मालाला भाव मिळतो. त्याने शुल्क भरावे हे न्याय्यच होय. अमेरिकेत १९३५ पासून राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना चालत आली आहे. पुलोरम या पिलांच्या रोगाला आळा घालण्यासाठी ती निघाली आणि पैदाशीच्या कळपांची तपासणी व प्रमाणपत्र हा तिचा पाया आहे. काही राज्ये त्यासाठी शुल्कही घेतात. पण संशयास्पद मर झाली असता करावयाची तपासणी ही वेगळी गोष्ट आहे. तिचा निष्कर्ष मालकाला नफा मिळवून देत नाही. उलट त्याचा धंदा बंद पाडतो. अशा तपासणीवर एक रुपयाही आकारणे, किंवा नमुना पोचविण्याचा खर्च व खेटे मालकाच्या माथी मारणे, म्हणजे खरे बोलण्यावर कर बसविण्यासारखे आहे. हा कर चुकविण्याचा मार्गही फार सोपा असतो. मेलेल्या कोंबड्या रातोरात ओढ्यात फेकाव्यात आणि जिवंत असलेल्या मिळेल त्या भावाने बाजारात घालाव्यात, की झाले. रोग पसरतो तो याच वाटेने.

शुल्काइतकाच, कदाचित त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न नुकसानभरपाईचा आहे. २०२१ मध्ये लागू असलेल्या दरांनुसार आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीस ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसल कोंबडीस ७० रुपये, लहान पिलास २० रुपये आणि नष्ट केलेल्या खाद्यास किलोमागे १२ रुपये देय होते. हे दर एकमेकांशी ताडून पाहिले तरी त्यांतील विसंगती ध्यानात येते. अंड्यावर येईपर्यंत तलंग साधारण सहा किलो खाद्य खाते. शासनाच्याच दराने त्या खाद्याचे ७२ रुपये होतात. पिलाचे २० रुपये मिळविले की बेरीज ९२ होते. म्हणजे लस, वीज, मजुरी आणि कर्जावरील व्याज शून्य धरले तरी भरपाई दोन रुपयांनी कमीच पडते.

त्याहून मोठी उणीव अशी, की भरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची; रोगाने मेलेल्यांची नाही. समजा, एखाद्याकडे अंड्याच्या एक हजार कोंबड्या आहेत आणि शंभर मेल्याबरोबर त्याने वर्दी दिली. नमुना प्रथम पुण्याला, तेथून भोपाळला गेला आणि अहवाल येईतो आणखी चारशे मेल्या. आता त्याला भरपाई मिळेल ती उरलेल्या पाचशेंची, म्हणजे ४५,००० रुपये. वर्दीच्या दिवशीची गणना धरली असती तर नऊशे कोंबड्यांचे ८१,००० रुपये झाले असते. मधले ३६,००० रुपये त्याने गमावले ते आपल्या चुकीने नव्हे. व्यवस्थेला लागलेल्या विलंबाने.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की मेलेल्या कोंबड्यांचेही पैसे मिळू लागले तर मालक स्वच्छतेची व दक्षतेची पर्वा करणार नाहीत आणि खोटे आकडे दाखवतील. हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच सरसकट भरपाईची मागणी कोणी करू नये. वर्दी नोंदवली त्या दिवशी पशुधन अधिकाऱ्याने जिवंत पक्ष्यांची गणना करावी व तीच भरपाईचा आधार मानावी. वर्दीपूर्वी मेलेल्यांचे काहीही देऊ नये. असे केल्यास उशीर करणाऱ्याचे नुकसान होईल आणि तत्परतेने कळविणाऱ्याचे रक्षण होईल. मोठ्या व्यापारी फार्मांना जैवसुरक्षेच्या अटी घालाव्यात, हेही योग्यच. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये याच धर्तीचा नियम केला. एकदा रोग येऊन गेलेल्या मोठ्या फार्मला पुढील भरपाईपूर्वी जैवसुरक्षा तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. पण पाच-पंचवीस कोंबड्या अंगणात बाळगणाऱ्या बाईला या अटी लावणे हास्यास्पद होय. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी अशा अंगणातलेच होते.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेचा. बर्ड फ्लूचा विषाणू हाताळण्यास उच्च सुरक्षेची व्यवस्था लागते. ती जिल्ह्याजिल्ह्यात उभारता येणार नाही हे मान्य. अंतिम निर्णय भोपाळनेच द्यावा. तथापि परभणी शहरात १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठवाड्यातील नमुन्यांची प्राथमिक छाननी योग्य सुरक्षिततेसह तेथे करता येईल काय, याचा विचार राज्य शासनाने अवश्य करावा. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतील संशय दोन दिवस आधी फिटला, तर त्या दोन दिवसांत वाचणारा पैसा प्रयोगशाळेच्या खर्चापुढे लहान खासच नसेल.

जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडले आणि तेथेही बर्ड फ्लू आढळला. रोग पुन्हापुन्हा दार ठोठावणार हे उघड आहे. तो आला की प्रत्येक वेळी सारी भिस्त एका खेडुताच्या प्रामाणिकपणावर राहणार. त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करण्याचा शासनाला अधिकार आहे; पण त्या प्रामाणिकपणाने तो कफल्लक होणार नाही, एवढी हमी देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. शंकेची तपासणी विनाशुल्क, गणना वर्दीच्या दिवसाची आणि भरपाई उत्पादनखर्चाला धरून, या तीन सुधारणांस येणारा खर्च एका मोठ्या उद्रेकाच्या हानीपुढे किरकोळच ठरेल.