चप्पल आमची, खाते कुणाचे?

बडोद्याची नोकरी सोडून १९१७ साली बाबासाहेब मुंबईत आले, तेव्हा त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेल्या विद्वानाची ही गत! कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा सवर्ण तिकडे फिरकत नव्हते. राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे चहा प्यायला जाऊ लागले, तेव्हा कुठे चित्र बदलले. आमच्या माणसाला धंदा येत नव्हता असे नाही. त्याच्या दुकानाची पायरी चढायला गिऱ्हाईक तयार नव्हते.

आज ती पायरी इंटरनेटने काढून टाकली, असे सांगितले जाते. लंडनचे किंवा न्यू जर्सीचे गिऱ्हाईक मोबाईलवर चप्पल पाहते, माप कळवते, पैसे भरते. बनवणाऱ्याची जात ते विचारत नाही. ही संधी खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण त्या गिऱ्हाईकाने भरलेले पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात, हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

कोल्हापुरी चप्पल घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणारा ढोर समाज, तळ कापून पट्टा शिवणारा चर्मकार, घरात बसून वेणी घालणाऱ्या त्याच्या घरच्या बायका, सीमेपलीकडे अथणी-निपाणीकडचे समगार कारागीर, या सगळ्यांच्या हातांतून ती तयार होते. दुकानाची पाटी मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून मंचावर आणल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला. कंपनीला मूळ मान्य करावे लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. सुमारे २,००० जोड आणि एका जोडाची किंमत ८०० युरोंच्या आसपास, असे तेव्हा जाहीर झाले. खवळलेल्यांपैकी किती जणांनी आजवर कारागिराच्या दारात जाऊन चप्पल विकत घेतली असेल, हे विचारण्याची ही वेळ नाही. पण त्या प्रकरणातला एक कायदेशीर धडा समाजाने नीट वाचला पाहिजे.

काही वकिलांनी त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ज्याच्या नावावर भौगोलिक मानांकनाची नोंद आहे त्याने दाद मागावी, हा त्यामागचा मुख्य मुद्दा होता. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला हे मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. मालक म्हणून नोंद दोन्ही राज्यांच्या महामंडळांची आहे. मग कारागीर कुठे आहे? १९९९ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे प्रत्यक्ष माल बनवणाऱ्याला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपले नाव नोंदवता येते, आणि कलम २१ प्रमाणे अशा नोंद झालेल्याला नावाच्या गैरवापराविरुद्ध दाद मागता येते. २०२० साली या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपये करण्यात आले. दहा रुपयांचा हा हक्क न घेता आम्ही परक्या कंपनीच्या नावाने घोषणा देत बसलो, तर दोष कुणाचा?

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका तरुणाची हकीकत येथे सांगणे भाग आहे. घरात तीन पिढ्यांचे चपलेचे काम. मुलगा शिकलेला, इंग्रजी बेताचे पण मोबाईलवर हात चांगला. त्याने वडिलांच्या कामाचे फोटो काढले आणि परदेशी गिऱ्हाईकांना विकायचे ठरवले. कागदपत्रांची कटकट नको म्हणून ओळखीच्या एका दुकानदाराच्या नावाने विक्रीचे खाते उघडले. निर्यातीचा कोड, बँक खाते, ईमेल, सगळे दुकानदाराचे. मागणीची चप्पल बनवायची, फोटो टाकायचे, गिऱ्हाईकाशी बोलायचे, हे सगळे या मुलाचे. दोन वर्षांत परदेशातून चांगले शेरे आले, मागणी वाढली. एका सकाळी खात्याचा पासवर्ड बदललेला होता. दुकानदाराने दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. वडिलांच्या हातांचे फोटो मात्र तसेच झळकत होते. मुलगा विचारत होता, "साहेब, गिऱ्हाईक तर माझे होते ना?" कागदावर त्याचे काहीच नव्हते. ते फोटो त्याच्या मोबाईलमध्ये तारखेसह होते. काढणारा तो, म्हणून त्यांचा कॉपीराइट त्याचा. तेवढाच एक धागा धरून आम्हाला नोटीस लिहावी लागली.

पूर्वी सावकार अंगठा घेत असे, आता दुकानदार पासवर्ड घेतो, एवढाच फरक.

म्हणून आमचे सांगणे आहे की जी कटकट वाटते तीच आपली मालमत्ता आहे. निर्यातीसाठी लागणारा आयात-निर्यात कोड विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो बंद होतो. जीएसटीची नोंदणी असेल तर हमीपत्र भरून कर न भरता माल बाहेर पाठवता येतो. टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत, तेथून छोटे पार्सलही रीतसर निर्यात म्हणून जाते. भेटवस्तू लिहून पार्सल पाठवण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचे ऐकू नये. पैसे बँकेतून किंवा परवानगी असलेल्या कंपनीमार्फत, ठरलेल्या मुदतीत आले पाहिजेत. दुबईतल्या पाहुण्याकडून रोख घेतली तर विदेशी चलनाचा कायदा आड येतो आणि निर्यात केल्याचा पुरावाही उरत नाही.

गिऱ्हाईक परदेशी म्हटल्यावर कायदाही परदेशी येतो. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, आणि हा हक्क विक्रेत्याने आधी सांगितला नाही तर ती मुदत १२ महिन्यांनी वाढते. १३ डिसेंबर २०२४ पासून तेथे जाणाऱ्या मालासाठी त्यांच्या हद्दीत जबाबदार व्यक्ती नेमणे बंधनकारक आहे. त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-सहा हे घातक रसायन किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. येथे मात्र आमचा कारागीर वरचढ आहे. सालीवर कमावलेल्या कातड्यात क्रोम घातलेलेच नसते. स्वस्त क्रोम चामड्याला 'कोल्हापुरी' म्हणून खपवणाऱ्याला जी तपासणी जड जाते, ती आमच्या बाजूची साक्षीदार आहे.

अमेरिकेचा अनुभव ताजा आहे. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी तेथे भारतीय मालावरचा जादा कर ५० टक्क्यांवर गेला आणि ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली सूट संपली. आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सले थांबवावी लागली, ती ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झाली. आज आहे तो दर उद्या राहील याची खात्री कुणी देऊ नये. एका देशावर आणि एका खात्यावर घर चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

हे सगळे एकट्या कारागिराला झेपणारे नाही, हे आम्हालाही कळते. दिवसभर आरी चालवणाऱ्या माणसाने रात्री युरोपचे नियम वाचावेत, असे म्हणणे ही थट्टा होईल. एकत्र येऊन संस्था काढणे हाच यावर मार्ग आहे. दहा-पंधरा कुटुंबांची सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी असावी. कोड तिच्या नावावर, विक्रीचे खाते तिचे, गिऱ्हाईकांची यादी तिची आणि प्रत्येक कारागिराची मानांकनातली नोंद त्याच्या स्वतःच्या नावावर असावी. वेणी घालणाऱ्या बाईचे नावही त्यात असलेच पाहिजे. व्यापाऱ्याशी व्यवहार करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण तो लेखी करावा आणि खात्याची किल्ली आपल्या हातात ठेवून करावा.

संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे आमची मागणी साधी आहे. मोठ्या कंपनीशी करार केला, त्याचे स्वागत आहे. त्या करारातून कुठल्या गावातल्या किती कारागिरांना किती मजुरी मिळाली, हे जाहीर करावे. तालुक्याला एक शिबीर घेऊन कोड आणि मानांकनाचे अर्ज जागेवर भरून घ्यावेत. युरोपने १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक नावाचे संरक्षण देणारी व्यवस्था लागू केली आहे. तेथे आपले नाव नोंदवून घेणे हे मालक म्हणवणाऱ्या महामंडळांचे काम आहे, वेणी घालणाऱ्या बाईचे नव्हे.

आणि समाजातल्या शिकलेल्या मुलांना सांगणे आहे. मुंबई-पुण्यात संगणकावर परदेशी कंपन्यांची कामे तुम्ही रोज करता. महिन्यातला एक रविवार गावातल्या चर्मकार वाड्यात बसा आणि पाच घरांचे अर्ज भरून द्या. बाबासाहेबांची पेढी गिऱ्हाईकाने जात पाहिली म्हणून बंद पडली. आज गिऱ्हाईक जात पाहत नसताना आमची पेढी दुसऱ्याच्या नावावर चालली, तर पुढची पिढी त्याचा जाब आपल्यालाच विचारेल.