विषय मुलांचे, निवड भलत्यांची!

आठवी संपते न संपते तोच तेरा-चौदा वर्षांच्या मुलापुढे शाळा एक कागद सरकवते. हिंदी संपूर्ण, संस्कृत संपूर्ण, की दोन्ही संयुक्त? घरात चर्चा होते ती एवढीच, की गुण कशात जास्त पडतात. संस्कृतची ओढ कुणी विचारत नाही. ‘संस्कृत स्कोअरिंग आहे’ या एका वाक्यावर दोन वर्षांचा निकाल लागतो. ज्या खेड्यातल्या शाळेत संस्कृतचा शिक्षकच नाही, तिथे तर हा कागदही येत नाही. याला निवड म्हणायचे? हा मुलांचा उघड अपमान आहे!

माध्यमिक विद्यार्थ्याला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आहे ही शुद्ध थाप आहे, आणि ती सरकारी शिक्क्याने मारली जाते. कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्यामधल्या भिंती पाडण्याची घोषणा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने केली. मग भौतिकशास्त्राबरोबर संगीत शिकू पाहणाऱ्या मुलीने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन विचारावे. शिक्षक नाही. तुकडी नाही. वेळापत्रकात बसत नाही. शिक्षकाचे पद न भरता पर्याय जाहीर करणारे सरकार मुलांना फसवत आहे, दुसरे काही नाही.

परीक्षेचे तर काय सांगावे? महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१९ च्या दहावीला नवा अभ्यासक्रम होता, आणि त्याच वर्षी भाषांचे २० अंतर्गत गुण काढून घेतले गेले. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्क्यांचा निकाल ७७.१० वर कोसळला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के! तीन वर्षांत मुलांची बुद्धी अशी खाली-वर झाली काय? मधल्या वर्षीच्या लाखो मुलांनी अकरावीच्या रांगेत कमी गुण घेऊन इतर मंडळांच्या मुलांशी झुंज दिली. त्या मुलांची माफी कोणी मागितली?

चित्रकलेचेही मातेरे केले. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांना पिढ्यान्‌पिढ्या मुले आवडीने बसत आली. आता त्यांतल्या इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या वाढीव गुणांसाठी मोजली जाते. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते आणि पोर क्लासला. त्याच्या हाताला काय येत होते, याची दखल ना शाळा घेते ना बाप.

कारण खरी सत्ता क्लासवाल्यांची आहे. आठवीपासून ‘फाउंडेशन’, अकरावीत ‘इंटिग्रेटेड’: नाव महाविद्यालयात, मूल क्लासात. सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. हाच प्रकार रोखण्यासाठी विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश २०१८ मध्ये सरकारनेच काढला. धंदा थांबला काय? क्लासची भरमसाट फी भरण्यासाठी कर्ज काढणारे घर मुलाला मानसशास्त्र किंवा तर्कशास्त्र घेऊ देईल, ही अपेक्षाच क्रूर आहे.

२०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्याचा उपक्रमही या राज्याने केला. कल हाती आला. पण त्या कलाचे विषय मुलाच्याच तालुक्यात, परवडणाऱ्या खर्चात शिकवण्याची जबाबदारी कोणी घेतली? कोणीही नाही. प्रवेश गुणांवरच होत राहिले.

आमची मागणी साधी आहे आणि ती टाळायला शिक्षणखात्याकडे एकही सबब नाही. नववीचे आणि अकरावीचे अर्ज निघण्यापूर्वी राज्यातल्या प्रत्येक शाळेने आणि कनिष्ठ महाविद्यालयाने कोणत्या विषयाला कायम शिक्षक आहे, कोणता विषय तासिका तत्त्वावर चालतो आणि कोणता फक्त कागदावर आहे, याची यादी फाटकावर लावावी. ज्या विषयाला शिक्षक नाही, त्याचे पद शिक्षणमंत्र्यांनी शाळा उघडण्यापूर्वी भरावे. आणि ते जमत नसेल, तर विषयनिवडीच्या घोषणा छापणे आजपासून बंद करावे!