अरे, आवाज कुणाचा?

एकांकिका स्पर्धेला गेलेल्या प्रत्येकाला ही आरोळी ठाऊक आहे. एकाने ओरडायचं, 'अरे, आवाज कुणाचा?' आणि बाकीच्यांनी घसा बसेपर्यंत आपल्या कॉलेजचं नाव घ्यायचं. पण हाच प्रश्न पहाटे साडेपाच वाजता, तुमच्या गाडीमागे उभं राहून कुणी विचारला तर? माझ्यावर ती वेळ आली, म्हणून हा लेखप्रपंच!

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. घर मालाड पश्चिमेला, एस. व्ही. रोडपासून आत, चार मजली जुन्या सोसायटीत. आमचं पार्किंग म्हणजे तळमजल्याच्या खिडक्यांना खेटून आखलेले सहा पांढरे चौकोन. त्यातल्या एकात आमची २०१२ची स्विफ्ट. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा तिचा सायलेन्सर फुरफुरत होता. वाकून पाहिलं तर शिवणीवर गंजून भोक पडलेलं. बाबा म्हणाले, "इंजिनिअर होतोयस ना, मग बघ की जरा."

सायलेन्सर बाहेरून सडतो तसा आतूनही सडतो, हे आपल्याला कुणी सांगत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात पाईप चांगला तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. आमची गाडी मात्र घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर. पाणी आतच बसून राहतं. वर मार्वेकडून येणारी खारी हवा आहेच!

खरं तर साधा स्टँडर्ड सायलेन्सर आणला असता तर विषय संपला असता. पण डोक्यात किडा होता. आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रात्री जो आवाज घुमतो, तसा आपल्याही गाडीचा हवा. बाबांनी दिलेल्या पैशांत स्वतःचे घातले आणि कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरून फ्री-फ्लो सायलेन्सर उचलला. तो चकचकीत नळकांडा घेऊन लगेज डब्यातून कुर्ला-दादर-मालाड असा आलो. डब्यातल्या एका मावशींनी विचारलं, "काय रे, बंब हाय का?" सगळा डबा हसला.

पुढचा दीड दिवस मी गाडीखाली होतो. खरं सांगतो, दोन वर्षांच्या वर्कशॉप प्रॅक्टिकलपेक्षा त्या दीड दिवसात जास्त शिकलो. त्याचं श्रेय तळमजल्यावरच्या काकांना. काका फिटर म्हणून निवृत्त झालेले. मी जॅक लावून आत सरकतोय हे पाहून ते खिडकीतूनच ओरडले, "बाहेर ये आधी! जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही." मग पलंगाखालून दोन लोखंडी स्टँड काढून आणले, पुढच्या चाकांना विटा लावल्या आणि गाडी हाताने हलवून पाहिली. त्यानंतरच मला आत जाऊ दिलं.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-फोर्टी मारून ठेवायचं. नट सुटत नसेल तर आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा. सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो त्यांना साबणाचं पाणी लावलं की ती अलगद निघतात. फ्लँजमधलं जुनं पॅकिंग पुन्हा वापरायचं नाही. नवीन पाईप जोडताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावायचे, पाईप कुठे बॉडीला घासत नाही ना ते बघायचं आणि मगच पाना लावायचा. माझ्या सायलेन्सरचा फ्लँज मूळ पाईपशी जुळत नव्हता, तो नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून बदलून आणावा लागला. म्हणजे 'डायरेक्ट फिटिंग' हा शब्द दुकानातच राहिला!

शेवटी गळती तपासायची. गाडी उघड्यावर आणि पाईप गार असताना चालू करायची, मागच्या तोंडाशी जाड फडकं सैलसर धरायचं आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले की गळती. हा हौशीचा भाग नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि गळका सांधा तो वायू थेट केबिनमध्ये पाठवू शकतो.

संध्याकाळी किल्ली फिरवली... आणि काय सांगू! पोटात घुमणारा तो आवाज. सोसायटीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन अक्सापर्यंत चक्कर मारली. वाटलं, गाडी अक्षरशः उडतेय.

सुट्टी संपली. पहाटेची ट्रेन होती, बाबा मला बोरिवलीला सोडणार होते. साडेपाचला गाडी चालू केली. गार इंजिन, त्यामुळे आरपीएम वर चढलेले. अख्खी सोसायटी झोपेत आणि मध्ये ती गुरगुर. काका बनियनवरच बाहेर आले. मी काच खाली केली.

"आवाज छान आहे रे," ते म्हणाले. "फक्त एक कर. पहाटे गाडी गेटपर्यंत ढकलत नेशील का? मी येत जाईन धक्का द्यायला. काकू दचकून उठते."

काकूंची बायपास होऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. मला ते माहीत होतं. दीड दिवस मी त्यांच्याच खिडकीखाली झोपून काम केलं होतं, त्यांच्याच हातचा चहा प्यालो होतो! आणि सत्तरीच्या घरातला माणूस मला न रागावता म्हणत होता, मी धक्का देतो.

ट्रेनमध्ये झोप लागेना म्हणून तिकिटाच्या मागे गणित मांडलं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट. गार इंजिन साधारण १५०० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला २५ फेरे, म्हणजे ५० हर्ट्झ. हवेत त्याची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर आणि अर्धी तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आत-बाहेर. आमच्याकडच्या बेडरूम किती? दहा बाय अकरा फूट! अकरा फूट म्हणजे ३.३५ मीटर. खोलीची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ आली की खोली त्या आवाजाला साथ देते. इतका खालचा सूर खिडकीच्या काचेला फारसा जुमानतही नाही. काकांनी खिडकी लावली असती तरी उपयोग नव्हता. फोनवरच्या ॲपने मी आधी आणि नंतर आवाज मोजून ठेवला होता. तेवढंच अंतर, तेवढेच आरपीएम, फरक १२ डेसिबल. बारा हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो लॉगचा हिशेब आहे. १२ डेसिबल म्हणजे जवळजवळ सोळापट ध्वनिऊर्जा.

आणि बदल्यात मिळालं काय? गाडी 'उडतेय' हे माझ्या कानांनी सांगितलं होतं, स्पीडोमीटरने नव्हे. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. नुसता शेवटचा डबा बदलून छोट्या पेट्रोल इंजिनाची ताकद जाणवण्याइतकी वाढत नाही. पाईप गरजेपेक्षा रुंद घेतला तर वायूचा वेग घटतो, एका सिलिंडरची लाट दुसऱ्याचा धूर ओढून काढायला जी मदत करते ती कमी होते आणि खालच्या आरपीएमवरचा टॉर्क जातो. एस. व्ही. रोडवर आपण वरच्या आरपीएमला कधी पोचतो? तिथे आयुष्य दुसऱ्या गिअरमध्येच जातं!

याहून वाईट सल्ला म्हणजे 'कॅट काढून टाक'. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठीच तिथे शिसेविरहित पेट्रोल आलं, कारण शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड ज्या डब्यात निरुपद्रवी होतात, तो डबा पाच टक्के पिकअपच्या अफवेसाठी भंगारात द्यायचा?

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावलं. ध्वनी किंवा हवा प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी चालवली तर कलम १९०(२) खाली, २०१९च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. ध्वनी प्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा, म्हणजे माझे पहाटेचे साडेपाच कायद्याने रात्रच! २०२० मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांचा तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फिरवला होता: हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून. खूप हसलो होतो. हॉर्न दुसऱ्याचा होता ना!

कुणी म्हणेल, म्हणजे इंजिनिअरने गाडीला हातच लावायचा नाही का? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हात लावाच! घरी, स्वतः, काळे हात करून. गॅरेजवाल्याकडे किल्ली फेकून चहा पीत बसणारा मेकॅनिकलवाला मला पटत नाही. पण आधी मोजा, बदल करा, पुन्हा मोजा आणि बदलाची किंमत कोण मोजतंय ते बघा. फॉर्म्युला स्टुडंटच्या रेसिंग कारसाठीसुद्धा आवाजाची चाचणी असते. पाईपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत मायक्रोफोन ठेवतात. आयडलला १०३ आणि त्यावर ११० डीबीसीच्या पुढे गेलात तर गाडी ट्रॅकवर जात नाही. रेसच्या गाडीला जी शिस्त आहे, ती आपल्या पार्किंगला नसावी?

पुढच्याच शनिवारी घरी गेलो. जुन्या सायलेन्सरचं भोक नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून बुजवून आणलं आणि तोच परत चढवला. या वेळी तीन तासांत काम झालं. स्टँड काकांचेच. बाबांनी आठवडाभर गाडी बाहेर काढलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

फ्री-फ्लो आता हॉस्टेलमध्ये माझ्या कॉटखाली आहे. वर्कशॉपच्या सरांना विनंती आहे, एका शनिवारी तो आणि एखादा जुना स्टँडर्ड सायलेन्सर उभे कापू या. एकात भोकांची नळी आणि काचेची लोकर, दुसऱ्यात लाटा परतवून एकमेकींवर आपटवणारे कप्पे. मशीन लॅबमधलं साउंड लेव्हल मीटरही बाहेर काढू या. आणि हॉस्टेलच्या बाइकवाल्या मित्रांनो, त्या दिवशी तुमच्याही गाड्या आणा, मोजून बघू. निदान तोवर रात्री दहानंतर गेटपासून पार्किंगपर्यंत गाडी बंद करून ढकलत न्या. वॉचमनमामांचं घर पार्किंगच्या मागेच आहे आणि त्यांचं बाळ अजून वर्षाचंही नाही.

धक्का द्यायला कुणी नसेल तर हाक मारा. रूम नंबर सगळ्यांना माहीत आहेच.