जवान म्हणजे फुकटचा मजूर नाही

पूल पडला, बोलवा आर्मी. बोअरवेलमध्ये मूल अडकलं, बोलवा आर्मी. कुठलं खातं झोपलं की बोलवा आर्मी. आपण टाळ्या वाजवून मोकळे. त्या दिवशी त्या पलटणीचं ठरलेलं काम काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

ठरलेलं काम असतं सराव. आपल्याकडे आर्मीचं ट्रेनिंग म्हणजे सोळाशे मीटर पळणं, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय. अहो, ती भरती झाली! भरतीनंतर पोरगा एकटा तयार होतो, पलटण नाही. कबड्डीची सात तगडी पोरं गोळा केली म्हणून संघ होतो का? आधी दहा जणांचं सेक्शन, मग प्लाटून, मग कंपनी, मग अख्खी बटालियन, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. जिथे लढायचं, तशाच जमिनीवर आणि तशाच हवेत सराव लागतो. चुकलं तर तोच धडा पुन्हा. याचं वेळापत्रक आधी ठरतं आणि त्याची जबाबदारी कमांडरची असते. त्यातला वेळ दुसऱ्याने उचलला, तर तो भरून निघत नाही.

इतिहास बघा. पन्नासच्या दशकात अंबाल्याला चौथी इन्फंट्री डिव्हिजन होती. तिचे प्रमुख मेजर जनरल बी. एम. कौल. जवानांना राहायला घरं नव्हती, म्हणून 'प्रोजेक्ट अमर' काढून जवानांच्याच हातून सुमारे दीड हजार घरं बांधून घेतली. मोठं कौतुक झालं. १९५९ मध्ये पंजाबच्या मैदानात लढण्यासाठी घडवलेली हीच डिव्हिजन नेफाच्या डोंगरात पाठवली. २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू नदीवर तिची सातवी ब्रिगेड काही तासांत मोडून पडली. गरम कपडे नव्हते, दारूगोळा अपुरा होता, दिल्लीचे निर्णय चुकले होते, सगळं खरं. पण उंच डोंगरातल्या लढाईचा सरावही नव्हता. आणि तेव्हा तिथल्या कोरचे प्रमुख कोण? तेच कौल!

आता आपल्या मुंबईचं. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. नवा पूल कुणी बांधला? आर्मीने. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. "सॅपर्सना तेवढाच सराव" असं काही जण म्हणाले. असेल थोडाफार. पण रेल्वेकडे इंजिनिअर नाहीत का? वर्षानुवर्षं पूल न बांधणाऱ्यांची लाज जवानांच्या घामाने झाकली गेली, हा खरा हिशेब.

महापुराची गोष्ट वेगळी. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात जवान बोटी घेऊन आले, त्यांचे उपकार विसरणार नाही. जीव वाचवायला बोलवा, शंभरदा बोलवा. पण रोजच्या नागरी कामाला संकट म्हणू नका.

हे आज का लिहितोय? कारण १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झाली. पोराच्या हातात चारच वर्षं. त्यातून सुरुवातीच्या ट्रेनिंगचे महिने आणि रजा वजा करा. पलटणीबरोबर सराव करायला उरतं किती? वर जास्तीत जास्त २५ टक्के राहणार, बाकीचे घरी. म्हणजे सेक्शन जमतंय न जमतंय तोच त्यातली माणसं बदलणार. अशा वेळी सरावाचा एकेक आठवडा सोन्याचा. तो कुणाच्या उद्घाटनासाठी खर्च करायचा?

खासदार गावात आले की आपण भरतीचं वय विचारतो, पेन्शन विचारतो. विचारायलाच पाहिजे. पण सोबत हेही विचारा: साहेब, आमच्या पोरांच्या पलटणीला वर्षात सलग किती दिवस सराव मिळतो? आणि तो मोडायचा हुकूम कोण देतं?

सीमेवरून पेटी आल्यावर चौकात बॅनर लावणं सोपं असतं. हा प्रश्न त्याआधी विचारायचा असतो.

पटलं तर शेअर करा. नसेल पटत तर कमेंटमध्ये मुद्द्याने भांडा, शिव्या नकोत.